आतील आणि बाहेरील परिस्थितीचे विश्लेषण: कोकणातील एका काजू कारखान्याच्या वहीतून

कर्जाच्या प्रकल्प अहवालात बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके अशा चार चौकोनांचे एक पान असते, आणि ते बहुधा बँकेत जाण्याच्या आदल्या रात्री भरले जाते. दर्जेदार उत्पादन, अनुभवी मालक, वाढती मागणी, तीव्र स्पर्धा. काजू कारखान्यासाठी लिहिलेले हे पान आंबा कॅनिंगच्या, कोकम सरबताच्या किंवा मालवणातील निवास-न्याहारीच्या अहवालात जसेच्या तसे चिकटवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कुडाळ-वेंगुर्ले परिसरातील लहान उद्योगांचे अहवाल करताना अशी पाने मीही लिहिली आहेत. त्यांतील एकात ‘स्थानिक कच्चा माल मुबलक’ हे वाक्य मी बलस्थानांत घातले होते. पुढे एका हंगामात ऐन मोहोरात ढगाळ हवा आणि पाऊस लागला, बी महागली आणि दिवाळीच्या सुमारास त्या कारखान्याच्या गोदामातील पोती संपली. मुबलक म्हणजे किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भावाने, हे मी विचारलेच नव्हते.

पुढे मांडलेल्या पद्धतीचा आग्रह एकच आहे. बाहेरची कोणतीही घडामोड नोंदवताना ती आपल्या हिशेबाच्या वहीतील कोणत्या ओळीवर येऊन बसते, ते तिच्या शेजारी लिहावे. ओळ सापडत नसेल तर ती गोष्ट कितीही महत्त्वाची वाटली तरी यादीतून काढून टाकावी. उदाहरणासाठी वेंगुर्ले तालुक्यातील, वर्षाला ३० टन काजू बी फोडणारा एक कारखाना कल्पिला आहे. त्यातील भाव आणि व्याजदर केवळ गणित दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तेथे आपले आकडे घालावेत.

पहिला टप्पा: निर्णयाचा प्रश्न लिहून काढणे

विश्लेषणाला बसण्यापूर्वी ते कशासाठी करायचे आहे, हे एका वाक्यात लिहावे. ‘व्यवसायाचा विकास’ हा प्रश्न होत नाही. आपल्या नमुन्याच्या कारखान्यापुढचा प्रश्न असा आहे: येत्या तीन वर्षांत हाती येणारे भांडवल बी फोडण्याची नवी यंत्रे घेण्यासाठी वापरावे, की स्वतःच्या नावाची पाकिटे करून थेट विक्री उभी करण्यासाठी? एवढे ठरले की कोणती माहिती गोळा करायची आणि कोणती सोडायची, हे पुष्कळसे आपोआप ठरते. प्रश्नच नसेल तर हवामान बदलापासून समाजमाध्यमांपर्यंत सगळे जग यादीत शिरते आणि ती यादी फाईलमध्ये पडून राहते.

दुसरा टप्पा: आतील परिस्थिती, म्हणजे आधी वही

पुष्कळ मार्गदर्शक पुस्तके बाहेरच्या जगापासून सुरुवात करायला सांगतात. माझे मत उलट आहे. लहान उद्योगाने आधी आत पाहावे, कारण बाहेरच्या कोणत्या वाऱ्याने आपले छप्पर उडेल हे छपराचे वासे पाहिल्याशिवाय कळत नाही.

काजूच्या धंद्यात पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे उतारा, अर्थात शंभर किलो बीतून किती किलो गर निघतो तो आकडा. खरेदीच्या वेळी तो काढण्याची रीत सोपी आहे, परंतु ती रोज पाळणारे कारखाने मी थोडे पाहिले. पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून मिळून एक किलो बी घ्यावी आणि मोजावी. एका किलोत जितक्या जास्त बिया, तितकी बी बारीक. मग प्रत्येक बी फोडून चांगला गर, सुरकुतलेला गर, काळे डाग पडलेला गर आणि कुजका गर अशा चार वाट्या कराव्यात आणि त्या वेगवेगळ्या तोलाव्यात. ज्या पोत्यांची बी ओली असते, त्यांचा गर कवचाला चिकटून बसतो आणि सोडवताना त्याची पाकळी होते, म्हणजे तो दोन फाकांत फुटतो, हे या चाचणीत डोळ्यांसमोर दिसते. वहीत त्या दिवशीच्या खरेदीपुढे हा आकडा लिहिला, की वर्षअखेरीस कोणत्या गावची आणि कोणत्या व्यापाऱ्याची बी खरोखर स्वस्त पडली, ते कळते.

या आकड्याचे वजन किती आहे ते पाहू. बीचा भाव किलोला १२० रुपये धरला आणि उतारा २८ टक्के असला, तर एक किलो गरासाठी सुमारे ४२९ रुपयांची बी लागते. उतारा २५ टक्क्यांवर आला, तर तीच बी ४८० रुपयांची होते. किलोमागे ५१ रुपयांचा हा फरक विक्रीचा भाव घासाघीस करून भरून निघणारा नव्हे. म्हणून उतारा तपासणारा माणूस कोण आहे, तो आजारी पडला तर काम कोणाला येते, आणि त्याचा हात नोंदीत उतरला आहे की केवळ त्याच्या डोक्यात आहे, हे आतील विश्लेषणातील मोठे प्रश्न ठरतात.

दुसरी गोष्ट, गराची प्रतवारी. डब्ल्यू-३२० या प्रतीचा अर्थ एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशेवीस अखंड गर बसतात. डब्ल्यू-२४० मध्ये त्याहून कमी, म्हणजे गर मोठा. अखंड गर, पाकळी आणि तुकडा यांच्या भावांत मोठे अंतर असल्याने एकूण गर किती निघाला याइतकेच अखंड किती राहिला हे महत्त्वाचे आहे. तो आकडा यंत्रावर जितका अवलंबून आहे, तितकाच साल काढणाऱ्या बायकांच्या बोटांवर. मजुरी किलोवर असेल तर हात घाईत चालतो आणि पाकळी वाढते. अखंड गरावर थोडी वाढीव मजुरी देऊन महिनाभर नोंद ठेवली, तर यंत्र बदलण्यापूर्वीच पुष्कळ उत्तरे मिळू शकतात.

तिसरी गोष्ट, अडकलेला पैसा. कोकणातील बी मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांत येते आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो. ३० टन बी १२० रुपयांनी घेतली तर ३६ लाख रुपये अवघ्या तीन महिन्यांत बाहेर जातात. साठा वर्षभरात हळूहळू संपत असल्याने सरासरी १८ लाख रुपये अडकून राहतात असे धरले आणि व्याज ११ टक्के धरले, तर वर्षाचे व्याज सुमारे २ लाख रुपये होते. २७ टक्के उताऱ्याने ८,१०० किलो गर निघाला, तर प्रत्येक किलोवर साधारण २४ रुपये केवळ साठ्याच्या व्याजाचे बसतात. त्यात उधारी मिळवावी. सरासरी ७०० रुपयांनी सगळा माल विकला आणि व्यापाऱ्यांनी साठ दिवसांनी पैसे दिले, तर आणखी सुमारे ९ लाख ३० हजार रुपये कायम बाहेर राहतात आणि किलोमागे अंदाजे तेरा रुपयांची भर पडते. हा धंदा काजूचा जितका, तितकाच पैसे फिरवण्याचा आहे, हे मालकांना मनातून ठाऊक असते. परंतु चार चौकोनांच्या पानावर मी ते लिहिलेले क्वचितच पाहिले.

हे आकडे हाती आल्यावरच बलस्थानांची चर्चा करावी. प्रत्येक बलस्थानाला चार प्रश्न विचारावेत: त्यामुळे खर्च कमी होतो किंवा भाव जास्त मिळतो का, ते थोड्यांकडेच आहे का, दुसऱ्याला त्याची नक्कल अवघड आहे का, आणि त्याचा उपयोग करण्याची व्यवस्था आपण लावली आहे का. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातील मालालाच ते नाव लावता येईल असे कायदेशीर संरक्षण) आहे, हे बलस्थान म्हणून हमखास लिहिले जाते. पहिल्या प्रश्नाला ते उतरते, पण ते त्या क्षेत्रातील सर्वांचे आहे. आणि त्याचा कायदेशीर वापर करण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केलेली नसेल तर चौथ्या प्रश्नावर हे बलस्थान अडते. याउलट चाळीस बागायतदारांशी असलेला वीस वर्षांचा रोखीचा व्यवहार कागदावर साधा दिसतो, पण तो चारही प्रश्नांना पुरून उरतो.

तिसरा टप्पा: जवळची बाहेरील परिस्थिती

बाहेरचे जग दोन वर्तुळांत पाहणे सोयीचे पडते. जवळच्या वर्तुळात आपण ज्यांच्याशी रोज भाव करतो ते लोक येतात. यासाठी व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली पाच दबावांची चौकट आजही उपयोगी आहे: विकत देणारे, विकत घेणारे, सध्याचे प्रतिस्पर्धी, नव्याने येऊ शकणारे आणि पर्यायी माल. मात्र प्रत्येक दबावापुढे ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ असे शिक्के मारण्याऐवजी त्या त्या घटकात पोटभेद आहेत का, ते पाहावे.

बी विकणाऱ्यांचे उदाहरण घेऊ. लहान शेतकरी रोजची गोळा केलेली बी गावातील दुकानदाराला रोखीने देऊन मोकळा होतो. त्याला थांबणे परवडत नाही. मोठा बागायतदार बी नीट वाळवून ठेवतो आणि भाव चढेपर्यंत थांबतो. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बीचा समावेश असल्याने ज्याला ती सोय मिळते त्याची थांबण्याची ताकद आणखी वाढते. म्हणजे एकाच हंगामात आपल्यासमोर दोन निराळे विक्रेते उभे असतात, आणि ‘पुरवठादारांचा दबाव मध्यम’ या शेऱ्यात ते दोघेही हरवतात. वहीतील ओळ: खरेदीचा सरासरी भाव, एप्रिलचा वेगळा आणि जूननंतरचा वेगळा.

प्रतिस्पर्धी मोजताना शेजारच्या कारखान्यापाशी थांबू नये. घाटावर चंदगड-आजरा पट्ट्यात काजू प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर चालते, दक्षिणेला मंगळूर आणि कोल्लम येथील जुने कारखाने आहेत, आणि व्हिएतनाम आज जगात काजूगराचा सर्वांत मोठा निर्यातदार आहे. यांतील अनेकांचा कच्चा माल आफ्रिकेतून येतो. आयव्हरी कोस्टचा हंगाम साधारण आपल्याच सुमारास असतो, तर टांझानियाचा ऑक्टोबरनंतर सुरू होतो. म्हणून आपली पोती संपत आलेली असताना त्यांच्याकडे नवी बी येते. लहान कारखान्याला अख्खा कंटेनर झेपत नाही, त्यामुळे ती बी आयातदाराकडूनच घ्यावी लागते, आणि अशा बीच्या गराला वेंगुर्ल्याचे मानांकन लावता येत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

पर्यायी मालाचा विचार प्रतीनुसार करावा. भेटीच्या डब्यातील अखंड काजूची जागा दुसरे काही सहज घेत नाही; परंतु हॉटेलातील रश्श्यासाठी तुकडा घेणारा आचारी भाव चढला की मगजबीकडे वळतो. नव्याने येणाऱ्यांविषयी एवढेच नोंदवतो की यंत्रे विकत मिळतात, हंगामात रोख पैसा मिळणे अवघड असते. अडसर तेथे आहे.

ग्राहकांची माहिती घरी बसून मिळत नाही. मे महिन्यातील एखादा शनिवार मालवणच्या बाजारपेठेत आणि गणपतीपूर्वीचा एक दिवस कुडाळ किंवा कणकवली स्थानकाजवळच्या दुकानात काढावा. पाकीट कोण उचलतो, पाव किलोचे की अर्ध्या किलोचे, गावाचे नाव पाहतो की आधी भाव विचारतो, हे तीन तासांत दिसते. चाकरमानी परतीच्या प्रवासात जे नेतो आणि पर्यटक जे नेतो, त्यांत फरक आढळला तर तो लिहून ठेवावा.

चौथा टप्पा: दूरची बाहेरील परिस्थिती

दुसऱ्या वर्तुळासाठी राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, नैसर्गिक आणि कायदेविषयक अशी सहा शीर्षके प्रचलित आहेत. सहाही रकाने सारखे भरण्याचा अट्टहास करू नये. कोकणातील उद्योगाला नैसर्गिक आणि कायदेविषयक हे दोन रकाने बाकीच्यांपेक्षा जड जातात, असा माझा अनुभव आहे.

निसर्गाच्या रकान्यात ‘वादळाचा धोका’ एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले. तौक्ते १६-१७ मे २०२१ च्या सुमारास संपूर्ण किनाऱ्याला घासून वर गेले. आणि त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. कारखानदाराने यातील तारखा वाचाव्यात. मेच्या मध्यावर खळ्यात बी वाळत असते आणि वर्षभराचा साठा नुकताच गोदामात चढलेला असतो, म्हणजे ३६ लाखांचा माल सर्वाधिक उघडा असण्याच्या दिवसांतच वादळ येऊ शकते. वहीतील ओळी तीन: साठ्याचा विमा त्या महिन्यांतील पूर्ण रकमेचा आहे का, गोदामाचा जोता किती उंच आहे, आणि वीज आठ दिवस गेली तर गर सुकवण्याची सोय काय. याखेरीज नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील ढगाळ दिवसांची नोंद ठेवावी, कारण मोहोरावरील ढेकण्या या किडीचा प्रादुर्भाव आणि त्यामागोमाग येणारी बीची टंचाई यांची पहिली चाहूल तेथेच लागते. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र जवळ असताना ही माहिती ऐकीव ठेवण्याचे कारण नाही.

कायद्याच्या रकान्यात तारीख आणि परिणाम दोन्ही लिहावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून भाजलेल्या आणि खारवलेल्या काजूवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. साध्या काजूगरावर तो आधीपासूनच ५ टक्के होता. म्हणजे या बदलाचा लाभ पाकीटबंद खारा काजू विकणाऱ्याला आहे, पोत्याने साधा गर विकणाऱ्याला नाही. दुसरी बाब उधारीची. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, परंतु कमाल ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे. प्राप्तिकर कायद्यात केलेल्या बदलामुळे १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत थकलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. साठ दिवसांची उधारी ही आपल्याकडे रीत मानली जाते, पण ती आता घेणाऱ्यालाही महाग पडू शकते. वहीतील ओळ: येणे रक्कम, ४५ दिवसांपुढची वेगळी.

बाकी रकाने थोडक्यात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटी झाली आहे, त्यामुळे आपला कारखाना यंत्रे घेऊनही सूक्ष्मच राहील. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल दहा लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. अर्ज चालू आहेत का ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारून मगच ती रक्कम गणितात धरावी. दळणवळणाच्या बाबतीत आपल्याकडे आशावाद फार. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर धावली, चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, आणि दोन्ही वेळी ‘आता पर्यटक येणार’ हे वाक्य संधीच्या चौकोनात गेले. पर्यटक आले की नाही यापेक्षा आपल्या गल्ल्यावर किती आले, हा आकडा दुकानाच्या बिलबुकातून काढावा.

पाचवा टप्पा: आतले आणि बाहेरचे एकमेकांवर ठेवणे

खरे काम येथे सुरू होते, आणि बहुतेक अहवाल येथेच संपलेले असतात. व्यवस्थापनतज्ज्ञ हाइन्झ वाइहरिक यांनी १९८२ मध्ये सुचवलेल्या मांडणीत चार चौकोन वेगळे न ठेवता एकाची दुसऱ्याशी गाठ घातली जाते: बलस्थानाने संधी कशी घ्यावी, बलस्थानाने धोका कसा अडवावा, उणीव दूर करून संधी कशी साधावी, आणि उणीव व धोका एकत्र आले तर काय. एक ते पाच गुण देऊन बेरीज करण्याची पद्धतही सांगितली जाते. मला ती फसवी वाटते, कारण गुण आपणच देतो आणि नंतर त्यांच्याच बेरजेवर विश्वास ठेवतो. त्याऐवजी रुपये आणि महिना लिहावा.

आपल्या कारखान्यात सर्वांत घातक गाठ अशी आहे: गणपतीच्या पंधरवड्यात थेट विक्रीची मागणी शिगेला असते आणि त्याच दिवसांत साल काढणाऱ्या आणि पाकिटे भरणाऱ्या बायका सणासाठी घरी असतात. त्याआधी जून-जुलैत त्या लावणीला गेलेल्या असतात. म्हणजे थेट विक्रीचा मार्ग निवडायचा तर गणपतीचा माल मेअखेरपर्यंत सोलून तयार असायला हवा, आणि पावसाळी दमटपणात तो तीन महिने टिकवण्यासाठी हवाबंद साठवण आधी हवी. ही गाठ ‘उणीव: मनुष्यबळ’ आणि ‘संधी: सण’ असे दोन चौकोनांत दोन शब्द लिहून कधीच दिसली नसती.

दुसरी गाठ मानांकनाची. वर्षभर कारखाना चालवायचा तर बाहेरची बी घ्यावी लागेल. मानांकित नावाने भाव मिळवायचा तर ती त्या नावाखाली विकता येणार नाही. दोन्ही हवे असेल तर खरेदीपासून पाकिटापर्यंत दोन वेगळ्या नोंदी आणि दोन वेगळी नावे ठेवावी लागतील. ही शिस्त आपल्याकडे आहे का, याचे प्रामाणिक उत्तर दुसऱ्या टप्प्यातील खरेदी वहीच देईल.

तिसरी गाठ पैशाची. ८,१०० किलोंपैकी १,५०० किलो गर रोखीने थेट विकला, तर तोच ७०० रुपये भाव धरूनही साठ दिवसांच्या उधारीतून सुमारे १ लाख ७३ हजार रुपये मोकळे होतात आणि हंगामात त्यांची साधारण १,४०० किलो बी येते. नव्या यंत्राने अखंड गराचे प्रमाण वाढेल, पण अडकलेला पैसा मोकळा होणार नाही. उलट हप्ता सुरू होईल.

सहावा टप्पा: निर्णय आणि तपासणीच्या तारखा

वरील गाठींवरून नमुन्याच्या कारखान्याचे उत्तर असे निघते: पहिल्या वर्षी हवाबंद साठवण, मानांकनाची नोंदणी आणि १,५०० किलो थेट विक्री, उतारा व अखंड गराच्या नोंदी वर्षभर ठेवून यंत्राचा निर्णय दुसऱ्या हंगामानंतर. आपल्या कारखान्यात आकडे वेगळे असतील तर उत्तर उलटही निघू शकते. मजूर मिळणेच बंद झाले असेल, तर यंत्र आधी येईल.

प्रत्येक गृहीतकासमोर ते मोडले हे कशावरून ओळखायचे, ते लिहावे: फेब्रुवारीअखेरीस मोहोराची स्थिती वाईट असेल तर एप्रिलच्या खरेदीची रक्कम वाढवायची की घटवायची, ४५ दिवसांपुढची उधारी येणे रकमेच्या एक तृतीयांशाहून वाढली तर कोणत्या व्यापाऱ्याचा माल थांबवायचा. या पानाची तपासणी वर्षातून तीनदा पुरते. पहिली फेब्रुवारीत, मोहोर पाहून. दुसरी जूनच्या पहिल्या आठवड्यात, साठा गोदामात चढल्यावर. तिसरी गणपती झाल्यानंतर, चाकरमानी परतले की. तपासणीच्या वेळी जुना अंदाज खोडू नये. त्याच्याखाली दुसऱ्या शाईने प्रत्यक्ष आकडा आणि तारीख लिहावी, आणि पुढच्या वर्षीचे पान त्याच वहीत, त्याच्या समोरच्या बाजूला सुरू करावे.